डॉक्टर शेवटच्या दहा मिनिटांत आल्या. मग रात्रभर होतं ते कोण?

कातरवेळ

तीन आठवड्यांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. मायलेकी दोघी ठणठणीत आहेत, त्यामुळे हा तक्रारीचा धागा नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

रात्री ११ला दाखल झालो, सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी बाळ झालं. या आठ तासांत डॉक्टर तीनदा दिसल्या. दाखल करताना, मग पहाटे एकदा, आणि शेवटची दहा मिनिटं. त्या शेवटच्या वेळीसुद्धा त्या बाजूला हात बांधून उभ्या होत्या. बाळ हातात घेतलं ते दुसऱ्याच बाईंनी, ज्या रात्रभर आमच्याबरोबर होत्या. त्यांच्या बिल्ल्यावर 'नर्स-मिडवाइफ' असं लिहिलं होतं.

मला आधी वाटलं, डॉक्टर येईपर्यंत नुसतं लक्ष ठेवायला यांना बसवलंय. कारण त्या फारसं काही करतानाही दिसत नव्हत्या. पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघायचं, एका कागदावर खुणा करायच्या, बायकोच्या कानाशी लागून काहीतरी बोलायचं, पुन्हा खुर्चीत बसायचं. एकदा मला म्हणाल्या, "कमरेवर इथे तळव्याने दाबून धरा. जोरात. मोडत नाही ती." दीड तास मी दाबत होतो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "त्या बाई नसत्या तर पहाटे चारला मीच सिझर करा म्हणून ओरडले असते." तेव्हापासून विचार करतोय. या बाईंचं काम नेमकं काय असतं? नर्सपेक्षा वेगळं काय, आणि डॉक्टरांच्या अलीकडे कुठपर्यंत? इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरा उलगडून सांगा.

मितभाषी

अभिनंदन. लेकीला पापा.

बोरूबहाद्दर

सुईण म्हणायची लाज वाटते म्हणून मिडवाइफ. बाकी काय फरक असणार?

जुनी_जाणती

बोरूबहाद्दर, मला सुईण म्हणा, मी खुशीत ओ देईन. पण फरक आहे. सुईण शिकायची ती दुसऱ्या सुईणीच्या मागे उभी राहून. नर्स-मिडवाइफ आधी परिचारिका होते, मग प्रसूतिशास्त्राचं वेगळं शिक्षण घेते, देखरेखीखाली ठरावीक प्रसूती स्वतः करते आणि मग तिला परवाना मिळतो. नियम देशागणिक वेगळे आहेत. काही देशांत नर्स न होताच थेट मिडवाइफ होता येतं.

मी २६ वर्षं प्रसूती कक्षात काढली, आता निवृत्त आहे. कातरवेळ, 'त्या फारसं काही करत नव्हत्या' असं तुम्ही लिहिलंत ना, ते वाचून हसू आलं. आमच्यात याहून मोठी शाबासकी नाही.

त्या काय करत होत्या ते सांगते. पोटावर हात म्हणजे कळा मोजणं. दहा मिनिटांत किती येतात, एकेक किती सेकंद टिकते, मधे गर्भपिशवी पूर्ण सैल पडते का. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा यायला लागल्या की बाळाला दम खायला फुरसत मिळत नाही. मग बाळाचे ठोके. कळ ओसरता ओसरता कान लावायचा नि पूर्ण मिनिटभर ऐकायचं, कारण बाळ दमलंय का ते तेव्हाच कळतं. साधारण ११० ते १६० हवेत. आधी दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि जोर करायची वेळ आली की दर ५ मिनिटांनी. बाईची नाडी वेगळी मोजायची, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे समजून माणूस निवांत बसतो.

आतून तपासणी चार तासांनी एकदा पुरते. दर तासाला हात घालून गर्भपिशवीचं तोंड 'किती उघडलं' बघणारी अजून शिकाऊ आहे असं मी खुशाल समजते. बाहेरून पुष्कळ कळतं. बाईचा आवाज बदलतो. आधी ती ओरडते, मग गप्प होते, मग घशातून एक वेगळाच हुंकार येतो, आणि 'मला नाही जमणार, घरी जाते' सुरू झालं की बहुतेक वेळा बाळ जवळ आलेलं असतं. तुमच्या बायकोचं पहाटे चारचं तेच असणार.

हे सगळं ऐकत, बघत आणि हात आवरून बसायचं. हात आवरणं शिकायला मला दहा वर्षं लागली.

कातरवेळ

बरोब्बर. चारला ती म्हणत होती, "चप्पल कुठे आहे माझी?"

निळाई

वाचताना घशाशी आलं. माझं पहिलं बाळंतपण असं नव्हतं. नाव सांगत नाही, पण मोठं, चकचकीत रुग्णालय होतं. नवऱ्याला दाराबाहेर बसवलं. मला पाठीवर उताणं झोपवून ठेवलं, कुशीवर वळले तरी ओरडा. पाणी मागितलं तर ओठ ओले करून दिले. शेवटी एकाने स्टुलावर चढून पोट वरून दाबलं आणि न विचारता खाली कट दिला. टाके घालताना दोघं आपसात सुट्टीच्या गप्पा मारत होते. मला कोणी नावाने हाकसुद्धा मारली नाही, 'ए, जोर लाव' एवढंच.

बाळ सुखरूप होतं, त्यामुळे कुणापाशी बोलायची सोय नाही. 'सगळं नीट झालं ना, मग?' हेच ऐकावं लागतं. पण मला खरंच माहीत करून घ्यायचंय, यातलं गरजेचं काय होतं?

डॉ_बिनचष्मा

निळाई, मी प्रसूतितज्ज्ञ आहे. तुमची केस मी पाहिलेली नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळातल्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टींची उत्तरं त्यात आहेत. पोट वरून दाबू नये. सरसकट कट देऊ नये. धोका कमी असलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्यावं. तिला हव्या त्या स्थितीत राहू द्यावं, चालू द्यावं. तिच्या पसंतीचं माणूस जवळ असावं. आणि काहीही करण्याआधी तिला विचारावं. कधी कधी कट खरंच लागतो, पण तेव्हाही विचारायला दोन सेकंद पुरतात.

वर जुनी_जाणती यांनी लिहिलं त्यात माझी एक भर. घड्याळाची घाई आम्हा डॉक्टरांकडून आली. १९५०च्या दशकात फ्रीडमन या अमेरिकन डॉक्टरांनी पहिलटकरणींच्या गर्भपिशवीचं तोंड किती वेगाने उघडतं याचा आलेख मांडला. त्यातून 'तासाला एक सेंटिमीटर' हा हिशेब जगभर रुजला. ज्या बाया त्या रेषेच्या मागे पडल्या त्यांना औषध, मग पाणमोट फोडणं, मग चिमट्याने बाळ ओढणं किंवा सिझर. २०१८च्या शिफारशींत ही एक सेंटिमीटरची सक्ती काढून टाकली आहे, आणि खऱ्या कळांची सुरुवात ५ सेंटिमीटरपासून धरली आहे. तिथून पुढे पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. थोडक्यात, माझ्या उमेदवारीच्या काळात मी जितक्या जणींना 'प्रगती नाही' असा शेरा मारला, त्यातल्या बऱ्याच जणींची प्रगती अगदी व्यवस्थित चालू असणार.

आणि कबूल करतो, बाळ हातात कसं घ्यायचं हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. रात्रपाळीच्या एका सिस्टरनी शिकवलं. माझ्या मनगटावर चापट मारून.

मितभाषी

चापट आवडली.

बोरूबहाद्दर

सगळं गोड गोड चाललंय. पण बाळंतपण म्हणजे पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं. अडचण आली तर ही बाई काय करणार? डॉक्टर येईपर्यंत हात धरून बसणार?

जुनी_जाणती

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर.

आधी हे की आमच्या हातात सगळ्याच जणी येत नाहीत. जुळी, पायाळू, वाढलेला रक्तदाब, आधीचं सिझर, रक्तस्राव, अशा बाया डॉक्टरांच्या. तिथे आम्ही असतोच, पण निर्णय त्यांचा. आणि सरळ चाललेली प्रसूती कधी वाकडं वळण घेईल ते सांगता येत नाही, म्हणून तर कोणीतरी सतत जवळ लागतं. पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट दिसलं, ठोके उतरून वर यायला वेळ लागायला लागला, ताप चढला, की डॉक्टरांना बोलवायचं. कधी बोलवायचं हे कळणं हेच अर्धं शिक्षण. उशिरा बोलावलं तर जीव जातो. उगाच बोलावलं तर पुढच्या वेळी कोणी धावत येत नाही.

पण काही गोष्टींत बोलावून वाट बघायला वेळच नसतो. एक प्रसंग सांगते. डोकं बाहेर आलं आणि कासवाने मान आत घ्यावी तसं परत मागे ओढलं गेलं. खांदा अडकला. मी मोठ्याने ओरडून मदत मागितली, घड्याळ बघून वेळ बोलून दाखवली, दोघींना दोन पाय धरायला लावले आणि मांड्या पार पोटाशी दुमडल्या. तिसरीला ओटीपोटावर, हाडाच्या लगेच वर दाबायला सांगितलं. निळाई, हे दाबणं निराळं. तुमच्यावर केलं तसं वरून पिशवी दाबली तर खांदा उलट जास्त रुततो. एवढ्याने खांदा सुटला. सुटला नसता तर तिला हातागुडघ्यांवर ओणवं केलं असतं. या युक्तीला इना मे गॅस्किन या अमेरिकन सुईणीचं नाव आहे. प्रसूतिशास्त्रात डॉक्टरांच्या नावाच्या युक्त्या शंभर, सुईणीच्या नावाच्या अगदी मोजक्या, त्यातली ही एक. डॉक्टर दारात पोचल्या तेव्हा बाळ रडत होतं. त्या सगळ्याला दीडेक मिनिट लागलं असेल. हात मात्र माझे पुढचा तासभर थरथरत होते.

दुसरी गोष्ट रक्तस्रावाची. बाळ झालं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागतात. आमचे बाईकडे. एका मिनिटाच्या आत गर्भपिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिट, मग वार पूर्ण आली का ते उलटसुलट करून बघणं, पिशवी नारळासारखी घट्ट झाली का ते हाताने चाचपणं. नाळ मात्र लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. बाळ आईच्या छातीवर उघडंच ठेवायचं आणि वरून दोघांवर पांघरूण. बाळाची तब्येत जोखणारे अपगारचे गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला तिथेच मोजता येतात, त्यासाठी बाळ उचलून न्यावं लागत नाही.

रात्रपाळी

जुनी_जाणती ताई, तुमच्यासारख्या एकीच्या हाताखाली मी शिकले असते तर! मी चार वर्षं याच कामात आहे. रक्तस्रावाचं निघालंय तर सांगते, आमच्याकडे हल्ली बाईखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावतात, किती रक्त गेलं ते थेट वाचता येतं. त्यामागे २०२३ साली प्रसिद्ध झालेला ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त प्रसूती. डोळ्यांनी अंदाज करायची नेहमीची पद्धत होती तिथे जास्त रक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या जणी ओळखल्या गेल्या, पिशवी लावली तिथे १०० पैकी ९३. आणि ओळखल्याबरोबर पोटावरून गर्भपिशवी चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदम सुरू करायचं. तीव्र रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं धरून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. तिथे खाटेशी उभ्या होत्या त्यात बऱ्याचशा आमच्यासारख्याच होत्या.

पण धाग्यात कोणी एक गोष्ट बोलत नाहीये, ती बोलते. कातरवेळ, तुमच्या सिस्टर रात्रभर एकाच खोलीत बसू शकल्या हे तुमचं नशीब. माझ्या कालच्या पाळीत कळा देणाऱ्या पाच जणी होत्या आणि मी एकटी. दर अर्ध्या तासाला पाच जणींचे ठोके ऐकायचे, प्रत्येकीचं लिहायचं. तेवढ्यात एक बाळंत झाली की पहिला तास तिच्यापाशी. मग उरलेल्या चौघींच्या खोलीत कोण? कुणाच्या कानाशी बोलायचं, कुणाची कंबर दाबायची? मग होतं काय, बाळाचे ठोके टिपणाऱ्या यंत्राचे पट्टे बांधून बाईला खाटेला जखडतात, कारण पट्टा निदान कागद तरी छापतो. निळाईताईंना 'ए, जोर लाव' म्हणणाऱ्याचं समर्थन नाही करत. पण अशा पाळ्या करकरून माणसं तशी होताना मी बघितलीयत. मी स्वतः परवा एकीवर खेकसले. नंतर माफी मागितली. तिच्या लक्षातही नव्हतं, माझ्या आहे.

निळाई

रात्रपाळी, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. खेकसून नंतर माफी मागणारं कोणी मला भेटलं असतं तर मी हा प्रतिसाद लिहिलाच नसता कदाचित.

पोथीनिष्ठ

इतिहासातून दोन गोष्टी.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरात ११हून जास्त बाळंतिणी गेल्या, दुसऱ्यात तिनापेक्षा कमी. बायका पहिल्या विभागात घालू नका म्हणून गयावया करायच्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली कारण शोधलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि पहिल्या विभागाचा आकडाही खाली आला.

दुसरी गोष्ट, तुमच्या सिस्टर खुणा करत होत्या त्या कागदाची. प्रसूतीच्या आलेखावर 'सावध व्हा' आणि 'कृती करा' अशा दोन रेषा १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात (आताचं झिंबाब्वे) आखल्या. लांबच्या केंद्रात एकटीने काम करणाऱ्या सुईणीला बाई मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायची ते कळावं, हा हेतू. डॉक्टर जवळ नाही, हे गृहीत धरून बनवलेला कागद पुढे डॉक्टर असलेल्या रुग्णालयांतही गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या नव्या कागदात 'सावध व्हा'ची ती सरळ रेषा नाही. त्याऐवजी सोबतीला कोणी आहे का, वेदनेसाठी काही दिलं का, बाई पाणी पितेय का, यांचे रकाने आहेत.

डॉ_बिनचष्मा

सेमेलवाइसची गोष्ट सांगताना जरा बेतानं. सुईणी जास्त शहाण्या होत्या असं त्यातून निघत नाही, त्या शवागारात जात नव्हत्या एवढंच निघतं.

तसंच संशोधनाचं. गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत त्याच मिडवाइफ काळजी घेतात, अशा पद्धतीचा कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१६चा आढावा लोक फार मिरवतात. १५ चाचण्या, १७ हजारांवर बाया. चिमटे कमी, पाठीतलं भूल-इंजेक्शन कमी, आपोआप होणाऱ्या प्रसूती जास्त, हे खरं. पण सिझरमध्ये त्या वेळी फरक दिसला नव्हता. २०२४च्या सुधारित आवृत्तीत सिझर किंचित कमी दिसतात, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल आधी दिसलेला फायदा आता तितका पक्का राहिलेला नाही. शिवाय बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या. रात्रपाळी यांच्या पाच खाटांच्या पाळीला ते आकडे लागू करू नका.

जुनी_जाणती

डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य. पण मग तो दुसरा आढावाही सांगा ना. प्रसूतीत सतत कोणी सोबत असेल तर काय होतं याचा, २०१७चा. १७ देश, १५ हजारांवर बाया. सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी, बाळंतपण वाईट गेलं म्हणणाऱ्या कमी. त्यात सोबत नर्सची होती, शिकवलेल्या बाईची होती, नात्यातल्या माणसाची होती. तेव्हा कातरवेळ, तुमच्या दीड तासाच्या कंबर दाबण्याचाही त्यात वाटा आहे.

डॉ_बिनचष्मा

तो आढावा मला मान्य आहे. तो मिरवतच नाही कोणी, दुःख तेच आहे. माणसं नेमावी लागतील ना.

बोरूबहाद्दर

लाजेचं वाक्य मागे घेतो. एक शंका उरली. पाठीतलं इंजेक्शन हवं असेल तर ही बाई 'नैसर्गिक, नैसर्गिक' करत अडवते का? बहिणीला तसा अनुभव आला.

जुनी_जाणती

अडवत असेल तर ती तिची चूक. कळा बाईला येतात, मला नाही. गरम पाणी, शेक, चालणं, मालीश हे सगळं मी सुचवीन, पण तिला इंजेक्शन हवंय तर भूलतज्ज्ञाला बोलवायचं आणि नंतर रक्तदाब, लघवी, ठोके यांवर दुप्पट नजर ठेवायची. 'सहन कर, आम्ही नाही का केलं' म्हणणाऱ्या आमच्यातही आहेत. मला त्यांचा फार राग येतो.

कातरवेळ

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला, मधे दोनदा मुलीला घ्यावं लागलं. वार नारळासारखी का असं ती विचारत होती, तिला सांगितलं, वार नाही, पिशवी. मग तिने विचारलं, "त्या बाईंचं नाव काय होतं रे?"

मला आठवेना. बिल्ल्यावरचं पद वाचलं, नाव वाचलंच नाही. तिलाही आठवेना. रात्रभर दोघंही 'सिस्टर, सिस्टर' करत होतो.

मितभाषी

घरी जाताना दिलेल्या कार्डावर बघा.

कातरवेळ

बघितलं. त्यावर डॉक्टरांचं आहे.

रात्रपाळी

प्रसूती कक्षाच्या नोंदवहीत मिळेल. प्रसूती कोणी केली असा रकाना असतो. ७ वाजून १० मिनिटं सांगा, लगेच सापडेल.